जोडण्या कमी, हिशेब पक्का : कारखान्याच्या संगणक-व्यवस्था एकत्र आणण्याविषयी



वार्षिक अहवालाच्या खर्चाच्या बाजूला 'संगणक व सॉफ्टवेअर देखभाल' असा एक आकडा असतो. बॉयलरच्या नळ्या, मिलचे रोलर, टर्बाइनची दुरुस्ती यांवर सभेत सभासद उभे राहून विचारतात, कारण ती यंत्रे डोळ्यांना दिसतात. संगणकाचा आकडा मात्र बहुधा न विचारताच मंजूर होतो. "ते कॉम्प्युटरवाल्यांचं काम, आपल्याला काय कळतंय त्यातलं" असे म्हणून आपण पुढच्या विषयाकडे वळतो. वास्तविक आपल्या फडातला ऊस तुटल्यापासून त्याचे पैसे खात्यावर पडेपर्यंतचा सगळा हिशेब याच यंत्रणेतून जातो. ही यंत्रणा कशी चालते, तिच्यात गुंता कशामुळे होतो आणि तो सोडवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे साध्या भाषेत सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

एका खेपेचा प्रवास

लागणीची नोंद शेतकी विभागाकडे होते. सभासद क्रमांक, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागण की खोडवा, तारीख. पूर्वी ही नोंद वहीत असे, आता ती ऊस-नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. ही झाली पहिली व्यवस्था. ऊस पक्व झाला की तोडणीचा क्रम लागतो, टोळी आणि वाहन नेमले जाते, मुकादमाची उचल आणि वाहतुकीचा दर यांचा हिशेब सुरू होतो. ही दुसरी. वाहन काट्यावर चढते, भरलेले वजन आणि नंतर रिकामे वजन काट्याच्या इंडिकेटरवरून संगणकात जाते. ही तिसरी. प्रयोगशाळेत उतारा काढला जातो, ती चौथी. हिशेब विभागात बिल तयार होते, सोसायटीची वसुली आणि इतर कपाती वजा होतात, ती पाचवी. बँकेकडे याद्या जातात, सभासदाच्या मोबाइलवर संदेश येतो. याखेरीज स्टोअर, पगार, साखर विक्री, जीएसटी, ई-वे बिल, डिस्टिलरी आणि सहवीज प्रकल्प यांची सॉफ्टवेअरे वेगळीच.

यातली प्रत्येक व्यवस्था आपापल्या जागी ठीक चालत असते. अडचण येते ती एका व्यवस्थेतली माहिती दुसरीत जाताना. काट्यावरचे वजन बिलात गेले पाहिजे, बिलातली कपात सोसायटीच्या येणे बाकीशी जुळली पाहिजे. ही ने-आण करणाऱ्या भागाला आपण 'जोडणी' म्हणू.

या जोडण्यांना मुदतही आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. कारखान्याकडे पैसे नसल्यामुळे उशीर होतो हे आपण जाणतोच. पण पैसे असूनही याद्या जुळत नाहीत म्हणून बिल अडकले, तर तो उशीर निव्वळ व्यवस्थेचा होय.

गुंता कसा वाढतो

सगळे सॉफ्टवेअर एकाच दिवशी कोणी घेत नाही. आधी काट्याचे आले, मग हिशेबाचे, मग पगाराचे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, तेव्हा त्यासाठी आणखी एक. डिस्टिलरी झाली, तिच्याबरोबर तिची व्यवस्था आली. दर वेळी घेणारा विभाग वेगळा, पुरवठादार वेगळा आणि निकड त्या वेळची. नवी व्यवस्था आली की तिला लागणाऱ्या जुन्या व्यवस्थांशी एकेक तार ओढली जाते. कुठे दर रात्री फाइल जाते, कुठे कर्मचारी पेन ड्राइव्हवर यादी नेतो, कुठे एका मुलाने लिहून दिलेला छोटा प्रोग्रॅम चालतो आणि तो मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

येथे एक गणित पाहण्यासारखे आहे. दोन व्यवस्था असतील तर जोडणी एक. चार असतील आणि प्रत्येकीची प्रत्येकीशी जोडणी असेल तर सहा. दहा असतील तर पंचेचाळीस. प्रत्यक्षात सगळ्यांना सगळ्यांशी बोलावे लागत नाही, म्हणून आकडा इतका जात नाही. पण वाढ कोणत्या चालीने होते ते यावरून कळते. उलट मध्ये एक सामाईक केंद्र ठेवले आणि प्रत्येक व्यवस्था फक्त त्या केंद्राशी जोडली, तर दहा व्यवस्थांना दहाच जोडण्या पुरतात. अकरावी आली तर एकच वाढते. गावातल्या प्रत्येक घरातून प्रत्येक घरात टेलिफोनची तार नेण्याऐवजी सगळ्या तारा एक्स्चेंजमध्ये आणाव्यात, तसाच हा प्रकार.

याचे मोठे उदाहरण आपल्या खिशातच आहे. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ २००८ साली स्थापन झाले. त्याच्या मधल्या यंत्रणेवर २०१० साली आयएमपीएस आणि २०१६ साली यूपीआय सुरू झाली. प्रत्येक बँकेने दुसऱ्या प्रत्येक बँकेशी वेगळी तार ओढली असती तर छोट्या सहकारी बँकांना हे झेपलेच नसते. मधल्या केंद्राशी जोडून घेतल्यामुळे आज गावच्या बँकेतले खाते आणि मुंबईच्या मोठ्या बँकेतले खाते एकमेकांशी व्यवहार करू शकते.

मधल्या केंद्राची तीन कामे

केंद्र म्हणजे नुसता तारांचा खांब नव्हे. त्याला तीन कामे करावी लागतात.

पहिले काम दुभाष्याचे. काट्याच्या व्यवस्थेत सभासद क्रमांक '००४५१२' असा असतो. तीच यादी एक्सेलमध्ये उघडली की पुढची शून्ये गळतात आणि '४५१२' उरते. संगणकाच्या दृष्टीने ही दोन माणसे झाली. एका ठिकाणी वजन टनात, दुसरीकडे क्विंटलमध्ये. एका ठिकाणी ०३/१२ म्हणजे ३ डिसेंबर, तर परदेशी बनावटीच्या व्यवस्थेत तोच १२ मार्च. मराठी नावांची गोष्ट तर आणखी निराळी. जुन्या काळच्या अनेक मराठी फाँटांत अक्षरे आतून इंग्रजी अक्षरांच्या खुणांनीच साठवलेली असत. त्या फाँटातले 'पाटील' दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांची रांग होऊन उमटते. युनिकोडमध्ये एकदा रूपांतर करून घेतले म्हणजे हा त्रास मिटतो. ही सगळी भाषांतरे पंचवीस ठिकाणी करण्यापेक्षा एका ठिकाणी केली, तर चूक सापडते आणि एकदाच दुरुस्त होते.

दुसरे काम रांग सांभाळण्याचे. हंगामात गव्हाणीवर एकाच वेळी सगळी वाहने रिकामी होत नाहीत. ती वाहनतळावर नंबराने थांबतात आणि पाळी आली की पुढे जातात. माहितीचेही तसेच आहे. हिशेबाचा संगणक रात्री दोन तास बंद पडला तर काटा थांबता कामा नये. त्या दोन तासांतल्या खेपा केंद्रात रांगेत उभ्या राहिल्या पाहिजेत आणि संगणक सुरू होताच क्रमाने पुढे गेल्या पाहिजेत. यात एक मेख आहे. खेपेची माहिती पोचली, पण पोच मात्र परत आली नाही, असे झाले तर पाठवणारी व्यवस्था तीच खेप पुन्हा पाठवते. घेणाऱ्या बाजूने वजन पावतीचा नंबर तपासला नाही, तर एकाच खेपेचे बिल दोनदा होते. म्हणून 'एक पावती, एकच नोंद' हा नियम दोन्ही टोकांना बांधून घ्यावा लागतो.

तिसरे काम साक्षीदाराचे. कोणती खेप किती वाजता काट्यावरून निघाली, किती वाजता बिलात पोचली, कोणती अडकली आणि का, याची नोंद केंद्राने ठेवली पाहिजे. सभासद विचारायला आला की "संगणकात दिसत नाही" एवढे उत्तर पुरत नाही. कुठे अडकले ते दाखवता आले पाहिजे. समजा, एका सभासदाने सोसायटीचे पीक कर्ज मंगळवारी फेडले आणि कपातीची यादी सोमवारचीच वापरली गेली. त्याच्या बिलातून पुन्हा रक्कम कापली जाईल. पुढे ती परत मिळेलही, पण मधल्या काळात त्याच्या घरातली अडचण कोण भागवणार? नोंद असेल तर अशी चूक त्याच दिवशी उघडकीस येते.

एका विहिरीवर चार मोटारी

इथपर्यंत सगळे सरळ आहे. खरा घोटाळा पुढे होतो. केंद्र हवे हे पटले की प्रत्येक पुरवठादार आपापले केंद्र घेऊन येतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्याचे एक, बँकेची फाइल पाठवणाऱ्याचे दुसरे, मोबाइल संदेशवाल्याचे तिसरे, आणि जुना रात्रीचा प्रोग्रॅम आहेच. म्हणजे एका विहिरीवर चार मोटारी बसल्या. प्रत्येकीचे वार्षिक देखभाल शुल्क वेगळे, पासवर्ड वेगळा, दुरुस्तीचा माणूस वेगळा. बिघाड झाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि चारही जणांची बिले मात्र वेळेवर येतात.

यावर उपाय म्हणून जे करतात त्याला एकत्रीकरण म्हणावयाचे. त्यात जोडण्यांची साधने कमी करायची, पुरवठादार कमी करायचे आणि उरलेल्यांची जबाबदारी लेखी ठरवायची. येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. नवे साधन घेतल्याने बचत होत नाही, जुने बंद केल्याने होते. पाचवे साधन आणले आणि आधीची चार "असू द्या, लागतील कधी" म्हणून चालू ठेवली, तर खर्च वाढला आणि गुंताही वाढला. सबब एकत्रीकरणाच्या कोणत्याही प्रस्तावात काय घेणार याच्या शेजारीच काय बंद करणार, कोणत्या तारखेला, आणि त्याचे किती शुल्क वाचणार, हे लिहिलेले असले पाहिजे.

शिवाय मोठ्या नावाचे साधन घेतलेच पाहिजे असेही नाही. मोठ्या बँका आणि तेल कंपन्या जी साधने वापरतात ती आपल्या कामापेक्षा फार मोठी असू शकतात. अपाचे कॅमल, अपाचे काफ्का यांसारखी मुक्त परवान्याची साधने जगभर वापरली जातात आणि त्यांना परवाना शुल्क नाही. अर्थात फुकटच्या बैलालाही वैरण लागते. ती चालवणारा जाणता माणूस मिळणार असेल तरच तो मार्ग धरावा.

एकाच पुरवठादाराचा धोका

"मग एकच कंपनी धरली की झालं, कटकट मिटली," असे कोणी म्हणेल. अर्धी कटकट मिटते, हे खरे. पण मळ्याला वाट एकच असेल आणि ती दुसऱ्याच्या बांधावरून जात असेल, तर काय होते हे आपल्याला सांगायला नको.

ही साधने बनवणाऱ्या कंपन्यांचेच मालक कसे बदलत गेले पाहा. बूमी नावाची कंपनी २०१० साली डेलने घेतली आणि २०२१ साली सुमारे ४०० कोटी डॉलरला विकून टाकली. म्युलसॉफ्ट ही कंपनी २०१८ साली सेल्सफोर्सने सुमारे ६५० कोटी डॉलरला घेतली. वेबमेथड्स हे साधन २००७ साली जर्मनीच्या सॉफ्टवेअर एजीकडे गेले आणि २०२४ साली तेथून आयबीएमकडे. सॅप कंपनीने आपल्या प्रोसेस ऑर्केस्ट्रेशन या जोडणीच्या जुन्या साधनाची नेहमीची देखभाल २०२७ अखेरपर्यंतच ठेवण्याचे ठरवले असून ग्राहकांना आपल्या नव्या, इंटरनेटवरून चालणाऱ्या साधनाकडे वळवले आहे.

यात कोणी गुन्हा केला असे नाही, धंद्यात असे चालतेच. पण आपण ज्याच्याशी करार करतो तोच मालक दहा वर्षांनी असेल, तोच दर राहील आणि तेच साधन चालू राहील, असे धरून चालता येत नाही. म्हणून पुरवठादार कमी करताना किल्ल्या मात्र कारखान्याच्या हातात राहिल्या पाहिजेत. या किल्ल्या पुढीलप्रमाणे.

सभासद, गावे, वाहने, कपाती यांच्या क्रमांकांची मूळ यादी कारखान्याची स्वतःची असावी. पुरवठादाराने ती वापरावी, तिचा मालक होऊ नये. सगळी माहिती हवी तेव्हा, दुसऱ्या कोणत्याही व्यवस्थेत भरता येईल अशा स्वरूपात, जादा आकार न देता काढून घेण्याचा हक्क करारात असावा. मुख्य पासवर्ड कारखान्याच्या नावावर असावेत आणि त्यांची सीलबंद प्रत जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी. दरवाढीची मर्यादा आणि करार संपताना काम हस्तांतरित करून देण्याची जबाबदारी लेखी असावी. सभासदांचे आधार आणि बँक खाते क्रमांक या माहितीत असतात. त्यामुळे ही माहिती कोण पाहू शकतो, हेही करारातच ठरले पाहिजे.

दुसरा धोका केंद्र बंद पडण्याचा. २०२५ च्या मार्च आणि एप्रिल महिन्यांत यूपीआय काही वेळ अडखळली, तेव्हा देशभर लोकांना एकदमच अडचण आली. सगळ्या तारा एका जागी आणल्या की ती जागा जपावी लागते. केंद्राला जोडीचा राखीव संगणक हवा, वीज गेली तर बॅटरीची सोय हवी आणि माहितीची रोजची प्रत कारखान्याबाहेर दुसऱ्या जागी हवी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केंद्र पूर्ण बंद असले तरी काट्याने वजन करून पावती दिलीच पाहिजे. सभासदाच्या हातातली ती पावती हा मूळ पुरावा होय.

काम कोणत्या क्रमाने करावे

मिलचे रोलर हंगामात कोणी बदलत नाही. जोडण्यांचेही तसेच. हे काम बंद हंगामात सुरू करावे.

प्रथम यादी करावी. कोणती जोडणी, कुठून कुठे, काय नेते, किती वेळा, कोण सांभाळतो, वर्षाला किती खर्च आणि बंद पडली तर कोणाचे काम अडते. ही यादी करताना हिशेब विभागातल्या जुन्या कारकुनाला जवळ बसवावे. दर पंधरवड्याला दोन याद्या हाताने जुळवणाऱ्या माणसाला कोणते गाव दोन नावांनी लागते आणि कोणत्या सभासदाची दोन खाती आहेत, हे तोंडपाठ असते. नव्या व्यवस्थेत त्याची जागा गेली असे होऊ नये. तिच्यावर देखरेख ठेवायला त्याच्याइतका लायक माणूस बाहेरून मिळणार नाही.

यादी झाली की कोणालाच नको असलेल्या जोडण्या आधी बंद कराव्यात. अनेक वर्षे कोणी न उघडलेले अहवाल रोज रात्री तयार होत असतात. मग क्रमांक एकसारखे करावेत. त्यानंतर कमी धोक्याच्या जोडण्या केंद्रावर आणाव्यात. आधी मोबाइल संदेश, मग स्टोअर, मग पगार. ऊस बिल आणि बँकेच्या याद्या सर्वांत शेवटी.

बिलाची जोडणी बदलताना जुनी आणि नवी पद्धत निदान दोन पंधरवडे बरोबर चालवावी आणि पावतीगणिक ताडून पाहावी. एकूण रक्कम जुळली एवढ्यावर थांबू नये. एकाचे जास्त आणि दुसऱ्याचे कमी झाले तरी बेरीज जुळते. एका रुपयाचा फरक निघाला तरी त्याचे कारण सापडेपर्यंत जुनी पद्धत बंद करू नये. कारण सापडले, फरक मिटला, की मात्र ठरल्या तारखेला ती बंद केलीच पाहिजे. नाहीतर दोन्हीचा खर्च कायमचा बोकांडी बसतो.

सभेत काय विचारावे

असा प्रस्ताव सभेपुढे येईल तेव्हा सभासदांनी पुढील प्रश्न जरूर विचारावेत.

१. आज किती जोडण्या आणि किती पुरवठादार आहेत? वर्षअखेर किती राहतील?
२. नवीन काय घेणार, आणि त्याबदली कोणते करार कोणत्या तारखेला बंद होणार?
३. पहिल्या वर्षी दोन्ही पद्धती चालवण्याचा दुहेरी खर्च धरला आहे काय?
४. पुरवठादार सोडायचा झाला तर आपली माहिती किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात परत मिळेल?
५. केंद्र बंद पडले तर काटा आणि बिल यांचे काम कसे चालेल? त्याची चाचणी केव्हा घेतली?
६. सभासदाची तक्रार आली तर त्याच्या खेपेचा प्रवास त्याला दाखवता येईल काय?

हे प्रश्न विचारायला संगणकाचे शिक्षण लागत नाही. बैल घेताना दात पाहायचे हे आपल्याला कोणी शाळेत शिकवले नव्हते. उत्तरे सरळ मिळाली तर खर्च खुशाल मंजूर करावा. गोलमाल मिळाली तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबवायला हरकत नाही.

आणि थोडे काम आपल्या बाजूचेही आहे. केंद्र कितीही चांगले असले तरी मूळ नोंद चुकीची असेल तर ती चूकच वेगाने पुढे नेईल. वडील वारले, तरी वारस नोंद झाली नाही. मोबाइल नंबर बदलला, पण कळवला नाही. बँकेच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी कोड बदलला आणि कारखान्यात मात्र जुनाच राहिला. अशी बिले आजही अडकतात. तरी बंद हंगामात प्रत्येक सभासदाने आपल्या गट कार्यालयात जाऊन नाव, गट नंबर, खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर एकदा तपासून घ्यावा, आणि हंगामात वजनाच्या पावत्या बिल मिळून ताळा होईपर्यंत जपून ठेवाव्यात.